लिंक रिकामी, कोर जाम: लहान पॅकेट्सच्या गळतीचे एक प्रकरण

हजारो उपकरणांच्या नोंदी गोळा करणाऱ्या एका सर्व्हरचे हे प्रकरण आहे. उपकरणे आपापली नोंद चार गेटवेंकडे पाठवत आणि गेटवे त्या यूडीपीवरून, म्हणजे पोच न मागणाऱ्या साध्या प्रोटोकॉलने, या सर्व्हरकडे पुढे सरकवत. नोंद अवघी ४० बाइटची, पण चारही गेटवे मिळून सेकंदाला सुमारे २० लाख पॅकेट्स. सर्व्हर अगदी नेहमीचा: १० गिगाबिटचे नेटवर्क कार्ड, दोन प्रोसेसर मिळून १६ कोर, ३ गिगाहर्ट्झचा वेग आणि वर साधे लिनक्स, त्याच्या कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, काहीही खास बदल न केलेले.

तक्रार अशी होती की सुमारे १५ टक्के नोंदी पोहोचतच नाहीत. देखरेखीच्या आलेखात मात्र सगळे आलबेल दिसत होते. लिंकवर १.४ गिगाबिट, सीपीयूची सरासरी ४० टक्क्यांच्या आत, मेमरी मोकळी. अशा वेळी बोट आपोआप नेटवर्ककडे जाते आणि तसेच झाले. स्विचचे पोर्ट तपासले, केबल बदलली, ऑप्टिक मॉड्यूलसुद्धा बदलून पाहिले. रोग रेड्याला, औषध पखालीला. स्विचच्या काउंटरमध्ये एकही पॅकेट गळालेले नव्हते.

आधी एकक बदलावे लागते

लहान पॅकेट्सच्या बाबतीत गिगाबिट हे माप जवळपास निरुपयोगी आहे. ४० बाइटच्या नोंदीला यूडीपीचे ८, आयपीचे २०, इथरनेटचे १४ आणि शेवटच्या तपासणी-बेरजेचे ४ बाइट लागले की फ्रेम ८६ बाइटची होते. तारेवर त्याआधी ८ बाइटचा प्रीअँबल आणि नंतर १२ बाइटचे सक्तीचे अंतर येते, म्हणजे १०६ बाइट. सेकंदाला २० लाख या दराने आपली खरी माहिती फक्त ०.६४ गिगाबिट, आलेखात दिसणारा आकडा १.३८ आणि तारेने प्रत्यक्ष व्यापलेला वेळ १.७ गिगाबिटइतका. एकाच वाहतुकीचे हे तीन आकडे आहेत आणि सर्व्हर का अडखळतो हे तिन्हींपैकी एकही सांगत नाही.

सांगतो तो वेळ. इथरनेटची किमान फ्रेम ६४ बाइटची, प्रीअँबल आणि अंतर धरून ८४. दहा मेगाबिटच्या काळात अशी पॅकेट्स सेकंदाला जास्तीत जास्त १४,८८० येऊ शकत, म्हणजे एकामागे ६७.२ मायक्रोसेकंद. दहा गिगाबिटवर तीच फ्रेम सेकंदाला १ कोटी ४८ लाख ८० हजार वेळा येऊ शकते आणि एकामागे उरतात ६७.२ नॅनोसेकंद. लिंक हजारपट वेगवान झाली, किमान फ्रेम जिथल्या तिथे राहिली. मेमरीपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ मात्र हजारपटीने कमी झालेला नाही. कॅशमध्ये, म्हणजे कोरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीत, नसलेली एक गोष्ट मुख्य मेमरीतून आणायला आजही ६० ते १०० नॅनोसेकंद जातात. ३ गिगाहर्ट्झच्या कोरला ६७.२ नॅनोसेकंदात जेमतेम २०० सायकल मिळतात. एकदा कॅश चुकली की त्या पॅकेटचे बजेट संपले.

कर्नलचे काम पॅकेटमागे ठरलेले असते, बाइटमागे फारसे नाही. बफर घ्यायचा, पॅकेटची माहिती ठेवणारी शेकडो बाइटची रचना भरायची, शीर्षके वाचायची, फायरवॉलचे नियम तपासायचे, सॉकेट (प्रोग्रामचे पॅकेट्स घेण्याचे दार) शोधायचे, रांगेत टाकायचे, झोपलेल्या प्रोग्रामला उठवायचे, मग सिस्टीम कॉल, प्रत, बफर परत. १,५०० बाइटच्या पॅकेटवर हा खर्च पसरून दिसेनासा होतो. ४० बाइटच्या नोंदीवर तोच खर्च जवळजवळ सगळा खर्च असतो.

गळतीचा आकार

एकूण गळती १५ टक्के, हा आकडा दिशाभूल करणारा होता. गेटवेनुसार वेगळी मोजणी केल्यावर चित्र पालटले. दुसऱ्या आणि चौथ्या गेटवेच्या नोंदी पूर्ण येत होत्या. पहिल्या आणि तिसऱ्याच्या सुमारे ३० टक्के गळत होत्या, दोघांच्याही जवळपास सारख्याच.

मग कोरनिहाय आकडे काढले. सोळापैकी एक कोर शंभर टक्के भरलेला, सगळा वेळ सॉफ्टआयआरक्यूमध्ये, म्हणजे पॅकेट्स उचलण्याच्या कर्नलच्या कामात. आणखी दोन कोर त्याच कामात सुमारे ७० टक्के. चार कोरांवर आमच्या प्रोग्रामचे चार थ्रेड. उरलेले नऊ जवळपास निवांत. सोळा कोरांच्या सरासरीने हा भरलेला कोर पार झाकून टाकला होता.

इथे एका काउंटरबद्दल सांगायलाच हवे, कारण बरेच जण त्यावर विसंबतात. कर्नलच्या सॉफ्टनेट आकडेवारीतला दुसरा स्तंभ ‘गळलेली पॅकेट्स’ असा वाचला जातो आणि आमच्याकडे तो शून्य होता. पण तो स्तंभ मोजतो ते कर्नलच्या आतल्या बॅकलॉग रांगेतून गळलेले. आधुनिक ड्रायव्हर नॅपी नावाच्या पद्धतीने थेट कार्डाच्या रिंगमधून (कार्ड आलेली पॅकेट्स ठेवते त्या मोजक्या जागांमधून) पॅकेट्स उचलतो, त्यामुळे पॅकेट त्या रांगेत जातच नाही. तिसरा स्तंभ, टाइम स्क्वीझ, भराभर वाढत होता. एका फेरीत ३०० पॅकेट्सचे किंवा ठरलेल्या वेळेचे बजेट संपले आणि काम शिल्लक राहिले, असा त्याचा अर्थ. खरी गळती सापडली कार्डाच्या स्वतःच्या काउंटरमध्ये, ‘मिस्ड एरर्स’ या नावाखाली. कोर रिंग रिकामी करत नाही, म्हणून कार्डाला नवे पॅकेट ठेवायला जागा नाही, म्हणून ते टाकून दिले. कर्नलला त्या पॅकेटचा पत्ताच लागला नाही.

एकाच रांगेत दोन गेटवे

कार्डाला आठ रांगा होत्या आणि प्रत्येक रांग एका कोरला बांधलेली. कोणते पॅकेट कोणत्या रांगेत जाईल हे कार्ड हॅश, म्हणजे शीर्षकातल्या माहितीवरून एक आकडा, काढून ठरवते. टीसीपीसाठी त्यात पाठवणारा आणि घेणारा या दोघांचे पत्ते आणि पोर्ट-क्रमांक धरले जातात. यूडीपीसाठी मात्र आमच्या ड्रायव्हरमध्ये मुळात फक्त दोन पत्ते धरलेले होते. त्याला कारण आहे. मोठे यूडीपी पॅकेट तुकड्यांत आले तर पहिल्या तुकड्यातच पोर्ट असतात. पोर्ट धरून हॅश काढला तर एकाच पॅकेटचे तुकडे वेगवेगळ्या रांगांत जाऊन मागेपुढे होतील. सर्वसाधारण वापरासाठी ही सावधगिरी योग्यच आहे.

आमच्यासाठी त्याचा परिणाम असा: पाठवणारे पत्ते चार, घेणारा एक, म्हणजे आठ रांगा असूनही हॅशच्या फक्त चार किंमती. त्यातल्या दोन एकाच रांगेत पडल्या. त्या कोरवर सेकंदाला १० लाख पॅकेट्स येत होती आणि तो साधारण ७ लाखच उचलू शकत होता. उरलेली ३ लाख म्हणजे त्या दोन गेटवेंचे ३० टक्के आणि एकूणाचे १५ टक्के. हिशोब अगदी जुळला. खात्रीसाठी तिसऱ्या गेटवेला तात्पुरता दुसरा पत्ता दिला आणि गळती थांबली.

काम तिथेच संपवण्याचा मोह झाला असता, पण तो उपाय नव्हता. प्रत्येक कोर एकेका गेटवेच्या ५ लाखांवर ७० टक्के भरलेलाच राहिला असता आणि पाचवा गेटवे कुठे पडेल हे हॅशच्या मर्जीवर. आमच्या नोंदींचे तुकडे कधीच होणार नव्हते, त्यामुळे यूडीपीच्या हॅशमध्ये पोर्ट धरायला काही धोका नव्हता. गेटवे प्रत्येक उपकरणासाठी वेगळा पोर्ट वापरत होते. सेटिंग बदलताच आठही रांगांत पॅकेट्स समान वाटली गेली, प्रत्येकीत सुमारे अडीच लाख.

एका कोरची मर्यादा सातच लाख का, हेही शोधले. ते पाहायला खोटी वाहतूक तयार करावी लागते आणि त्यातही एक अडचण असते. साध्या सॉकेटने पॅकेट्स पाठवणारा प्रोग्राम घेतला तर एका कोरवर तो स्वतःच दहा लाखांच्या अलीकडे दमतो आणि चाचणी मोजते ती पाठवणाऱ्याची मर्यादा. म्हणून कर्नलमधला पॅकेटजेन वापरला. तो सॉकेट आणि सिस्टीम कॉल टाळून थेट ड्रायव्हरकडे पॅकेट देतो. प्रोफाइल, म्हणजे कोणत्या फंक्शनवर किती वेळ जातो याची मोजणी, काढल्यावर सगळ्यात वर दिसली कनेक्शन-ट्रॅकिंगची फंक्शन्स. फायरवॉलमध्ये एक नियम होता, त्यामुळे प्रत्येक यूडीपी प्रवाहाची नोंद कर्नल ठेवत होता. हजारो प्रवाह, प्रत्येक पॅकेटला त्या तक्त्यात शोध, आणि तक्ता कॅशपेक्षा मोठा. या पोर्टला ट्रॅकिंगमधून वगळले तसा एक कोर सात लाखांवरून दहा लाखांच्या आसपास पोहोचला. फायरवॉल बंद केली नाही. तेवढ्यासाठी ती बंद करायचा सल्ला अनेक जण देतात, आणि तो चुकीचा आहे.

गळती पुढे सरकते

हॅश सुधारल्यावर कार्डाचे काउंटर स्थिर झाले आणि लगेच दुसरा काउंटर वाढू लागला: यूडीपीचे ‘रिसीव्ह बफर एरर्स’. पॅकेट आता कर्नलपर्यंत पोहोचत होते आणि सॉकेटच्या दारात गळत होते.

दोन कारणे एकत्र आली होती. आधी एका गेटवेची पॅकेट्स एकाच कोरवरून एका सॉकेटमध्ये येत. आता आठ कोर एकाच वेळी त्याच सॉकेटच्या रांगेत लिहू पाहत होते आणि एका लॉकसाठी (एका वेळी एकालाच लिहू देणाऱ्या कुलपासाठी) थांबत होते. कोर वाढवले, पण वाट एकच राहिली. दुसरे कारण बफरचे माप. लिनक्समध्ये सॉकेटचा मूळ बफर २,१२,९९२ बाइटचा असतो. ४० बाइटच्या नोंदी त्यात पाच हजारांवर मावतील असे वाटते. पण हा आकडा आला आहे तो २५६ पॅकेट्स गुणिले ८३२ बाइट या हिशोबातून. कर्नल मोजतो ते नोंदीचे बाइट नसून त्या पॅकेटने अडवलेली सगळी मेमरी, आणि काही ड्रायव्हरमध्ये ती एका पॅकेटमागे दोन हजार बाइटच्या वर जाते. म्हणजे शंभर ते अडीचशे नोंदी आल्या की बफर भरला. कोरमागे अडीच लाखांच्या दराने हे एका मिलिसेकंदाचेही काम नाही.

प्रोग्रामची रचना बदलली. लिनक्स ३.९ पासून एकाच पोर्टवर अनेक सॉकेट उघडता येतात. प्रत्येक कोरसाठी एक सॉकेट आणि एक थ्रेड ठेवला, आणि ज्या कोरवर पॅकेट आले त्याच कोरच्या सॉकेटला ते मिळेल अशी निवड करणारा छोटा बीपीएफ प्रोग्राम (कर्नलच्या आत चालणारा) जोडला. पॅकेट एका कोरच्या कॅशमधून दुसऱ्याच्या कॅशमध्ये जाणे थांबले, लॉकची चढाओढही थांबली. आठही कोर कार्ड ज्या प्रोसेसरला जोडलेले आहे त्याचेच घेतले. सॉकेटचा बफर ८ मेगाबाइट केला. एकेक नोंद वाचण्याऐवजी एका कॉलमध्ये ६४ नोंदी घ्यायला सुरुवात केली. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधले सुरक्षा-दोष उघड झाले आणि त्यांवरच्या उपायांनी सिस्टीम कॉल महाग केला, तेव्हापासून हा बदल पूर्वीपेक्षा जास्त फळ देतो.

गळती शून्यावर आली. कोर साधारण निम्मे मोकळे.

सरासरीच्या आतले झटके

काही दिवसांनी गेटवेची नवी आवृत्ती आली आणि ‘मिस्ड एरर्स’ पुन्हा दिसू लागल्या. सेकंदाचा दर तोच, २० लाख. फरक एवढाच की नवी आवृत्ती नोंदी साठवून दर १० मिलिसेकंदांनी एकदम सोडत होती. चारही गेटवेंची घड्याळे एनटीपी या वेळ जुळवणाऱ्या प्रोटोकॉलने नीट जुळवलेली, त्यामुळे चौघेही एकाच क्षणी सोडत.

आता हिशोब असा. दर १० मिलिसेकंदांना २०,००० पॅकेट्स. १० गिगाबिटची लिंक ती १.७ मिलिसेकंदात आणून ओतते. एका रांगेच्या वाट्याला २,५००. तेवढ्या वेळात कोर १,७०० उचलतो. ८०० मागे राहतात आणि रिंगमध्ये जागा ५१२. त्यात कोर मधल्या काळात गाढ झोपेच्या सी-स्टेटमध्ये गेलेला असेल तर जागे व्हायलाच शंभराहून अधिक मायक्रोसेकंद जातात आणि तोवर दीडशे-दोनशे पॅकेट्स येऊन पडलेली असतात. सेकंदाच्या सरासरीत कोर निम्मा रिकामा, आणि तरीही दर सेकंदाला शंभर वेळा त्याची रिंग ओसंडते. सेकंदाला एक आकडा घेणाऱ्या कोणत्याही आलेखात हे दिसणार नाही.

सोपा उपाय रिंग ४,०९६ पर्यंत वाढवण्याचा. तो चालतोही, पण फुकट नाही. प्रत्येक जागेमागे २ किलोबाइटचा बफर धरला तर आठ रांगांचे ६४ मेगाबाइट होतात. इंटेलच्या सर्व्हर प्रोसेसरमध्ये कार्ड पॅकेट थेट शेवटच्या पातळीच्या कॅशमध्ये लिहू शकते, पण त्यासाठी कॅशचा छोटासा भागच राखलेला असतो. रिंग एवढी मोठी केली की आलेली पॅकेट्स तिथून मुख्य मेमरीत ढकलली जातात आणि कोर ती उचलायला जातो तेव्हा नेमकी कॅश चुकते. एका बाजूने झटका सहन करायची ताकद येते, दुसऱ्या बाजूने प्रत्येक पॅकेट महागते.

आम्ही गेटवेंच्या वेळा एकमेकांपासून अडीच मिलिसेकंदांनी सरकवल्या. पाठवणाऱ्या बाजूच्या कोडमधली एक ओळ. आता एका झटक्यात ५,००० पॅकेट्स, रांगेमागे ६२५, आणि ती यायला ०.४२ मिलिसेकंद लागतो. तेवढ्यात कोर ४२० उचलतो, मागे राहतात दोनशे. रिंग फक्त १,०२४ केली आणि या आठ कोरांना गाढ झोपेत जायची बंदी घातली. विजेचा खर्च थोडा वाढला, तो मान्य केला.

इथून पुढे सॉकेट नाही

मग खरा प्रश्न समोर आला. गेटवे चारांवरून सोळा होणार होते, म्हणजे सेकंदाला ८० लाख पॅकेट्स. लिंकला त्याची अडचण नाही, ती ६.८ गिगाबिटवर जाईल. पण आठ कोरांमागे प्रत्येकी १० लाख म्हणजे कोर फक्त पॅकेट्स उचलण्यातच पूर्ण संपणार आणि प्रोग्रामला काही उरणार नाही. दुसऱ्या प्रोसेसरचे आठ कोर जोडले तर पॅकेट्सना दोन प्रोसेसरांमधली वाट ओलांडावी लागते, शिवाय क्षमता दुपटीपेक्षा कमीच वाढते.

याला कर्नलचा ढिसाळपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. सर्वसाधारण ऑपरेटिंग सिस्टीमने कोणत्याही कार्डावरून, कोणत्याही प्रोटोकॉलचे, कोणत्याही प्रोग्रामसाठीचे पॅकेट सुरक्षितपणे पोहोचवायचे असते, आणि त्या सर्वसमावेशकतेची किंमत पॅकेटमागे शेकडो नॅनोसेकंद आहे. फ्रीबीएसडी आणि विंडोजच्या नेहमीच्या सॉकेटलाही याच जातीचा खर्च पडतो. हार्डवेअरची मर्यादा किती दूर आहे हे २०१२ मध्येच दिसले होते. पिसा विद्यापीठातल्या लुइजी रिझ्झो यांच्या नेटमॅपने ९०० मेगाहर्ट्झवर चालवलेल्या एकाच कोरमधून १० गिगाबिटची लिंक सर्वात लहान पॅकेट्सनी पूर्ण भरून दाखवली. पॅकेटमागे सुमारे ६० सायकल. त्यासाठी पॅकेटमागचे बफर-वाटप, प्रत आणि सिस्टीम कॉल या तिन्ही गोष्टी बाजूला काढाव्या लागल्या.

पर्याय दोन होते. कर्नलला वगळून पॅकेट्स हाताळणारे डीपीडीके घेतले तर कार्ड कर्नलकडून काढून पूर्णपणे आपल्या ताब्यात येते, वेगही सर्वात जास्त. पण मग त्या कार्डावर कर्नलचे आयपी, फायरवॉल, दुरून लॉगिन, नेहमीची निदान-साधने यांपैकी काहीच राहत नाही आणि पॅकेट आले का हे पाहत कोर सतत फिरत राहतात. आमच्या सर्व्हरला एकच कार्ड होते आणि त्यावर हे सगळे हवे होते.

दुसरा पर्याय, लिनक्समधलेच एक्सडीपी, निवडला तो नोंदींकडे नीट पाहिल्यामुळे. दहापैकी सात नोंदी ‘मी चालू आहे’ एवढेच सांगत. त्यातून आम्हाला हवी असे ती उपकरणाच्या शेवटच्या दर्शनाची वेळ, बाकी काही नाही. तेवढ्यासाठी पॅकेटने कर्नलची सगळी वाट चालून प्रोग्रामपर्यंत यायची गरज नव्हती. एक्सडीपीचा छोटा प्रोग्राम ड्रायव्हरमध्येच, कर्नलने पॅकेटची रचना तयार करण्याआधी चालतो. तो नोंदीचा प्रकार सांगणारा बाइट पाहतो, कोरमागे वेगळ्या ठेवलेल्या तक्त्यात वेळ लिहितो आणि पॅकेट तिथेच टाकून देतो. उरलेल्या तीन नोंदी नेहमीच्या वाटेने सॉकेटकडे जातात. नुसती पॅकेट्स टाकण्यापुरते पाहिले तर २०१८ च्या प्रकाशित मोजमापात एक्सडीपीने एका कोरवर सेकंदाला २ कोटी ४० लाख गाठले होते. आमच्या प्रोग्रामला तक्त्यात शोध घ्यावा लागतो, त्यामुळे एका नोंदीमागे शंभर-दीडशे नॅनोसेकंद धरले.

पॅकेटजेनने ८० लाखांची वाहतूक ओतून पाहिली तेव्हा कोरमागे ७ लाख पॅकेट्स ड्रायव्हरमध्येच संपली आणि ३ लाख सॉकेटपर्यंत गेली. कोर दोन-तृतीयांशाच्या आसपास भरले, गळती नाही. प्रमाण बदलले तर मात्र हे टिकणार नाही. ‘मी चालू आहे’ नोंदी निम्म्यावर आल्या तर सॉकेटकडे कोरमागे ५ लाख जातील आणि जागा उरणार नाही. म्हणून आता देखरेखीत सरासरी सीपीयूऐवजी सर्वात भरलेल्या कोरचा आकडा, कार्डाच्या प्रत्येक रांगेची ‘मिस्ड’ मोजणी, यूडीपीच्या बफर-चुका आणि ‘मी चालू आहे’ नोंदींचे प्रमाण ठेवले आहे. हे प्रमाण साठ टक्क्यांच्या खाली गेले की उरलेल्या नोंदीसुद्धा एएफ-एक्सडीपीच्या (एक्सडीपीकडून सरळ प्रोग्रामच्या मेमरीत जाणाऱ्या) वाटेने थेट प्रोग्रामला द्यायच्या असे ठरले आहे, आणि त्यासाठीचा कोड चाचणीच्या सर्व्हरवर चालतो आहे.